मालक क्रमांक २२९

जुन्या फ्लॉपींवरच्या नोंदी वाचण्याचा नाद मला लागला त्याला बरीच वर्षे झाली. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही. जुनी मॅन्युअल आणि स्वतःच्या चुका यांनीच शिकवले. त्यातलीच एक चूक या लेखाला कारण झाली. पुसलेल्या काही फायली परत मिळवून मी माझ्या वहीत सगळ्यांपुढे ‘वापरकर्ता : ०’ असे लिहिले. तो शून्य फ्लॉपीवर नव्हता. फायली परत आणताना तो मीच घातला होता.

फ्लॉपी सीपी/एम प्रणालीच्या होत्या. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ही प्रणाली रचली. पुढे ऑस्बोर्न १, अ‍ॅमस्ट्राड पीसीडब्ल्यू अशा यंत्रांतून ती घरांत शिरली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच डिस्कवर ० ते १५ अशा सोळा वापरकर्त्यांची सोय होती. प्रत्येक नोंद ३२ बाइटची. पहिल्या बाइटमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक, मग आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी प्रकार, चार बाइट मोजदादीचे आणि उरलेल्या १६ बाइटमध्ये मजकूर डिस्कवर कुठे आहे त्या जागांचे क्रमांक.

याला मालकी म्हणावे का? पासवर्ड नव्हता. ‘यूझर ३’ अशी आज्ञा दिली की कोणीही तिसऱ्याच्या फायलींत जाई. कपाटाला खण होते, कुलूप नव्हते.

फाइल पुसताना मजकुराला धक्का लागत नसे. फक्त पहिल्या बाइटमध्ये हेक्साडेसिमल ई५, म्हणजे आपल्या मोजणीत २२९, लिहिले जाई. आयबीएमच्या ३७४० पद्धतीच्या आठ इंची फ्लॉपीत फॉरमॅट करताना सर्वत्र ई५ भरलेला असे. त्यामुळे कोरी फ्लॉपी घातली की तिची सूची आपोआप रिकामी दिसे. युक्ती सोयीची होती; पण तिच्यासाठी वापरलेला बाइट नेमका वापरकर्त्याचा होता. जणू पुसलेली प्रत्येक फाइल २२९ क्रमांकाच्या एकाच मालकाच्या नावावर चढे.

एमएस-डॉसनेही खूण तीच घेतली. तिथे नोंदीत वापरकर्ताच नसल्याने ई५ पडे तो नावाच्या पहिल्या अक्षरावर. म्हणून पीटर नॉर्टन यांच्या १९८२ च्या ‘अनइरेज’सारख्या साधनाला ते अक्षर माणसालाच विचारावे लागे. डॉसमध्ये मजकुराच्या तुकड्यांची साखळीही पुसली जाई. सुरुवातीची जागा आणि आकार तेवढे उरत. सीपी/एममध्ये जागांचे सगळे क्रमांक शाबूत राहत. त्यांवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर मजकूर पूर्ण परत येई. येत नसे तो फक्त वापरकर्ता.

आणि इथेच गफलत होते. साध्या आठ इंची फ्लॉपीवर एक नोंद १६ किलोबाइटपर्यंतचीच. मोठ्या फायलीला अनेक नोंदी लागत. दोन वापरकर्त्यांच्या एकाच नावाच्या मोठ्या फायली पुसल्या गेल्या, तर दोघांच्या नोंदी सारख्याच दिसतात. एकाच्या पत्राला दुसऱ्याच्या पत्राचा उत्तरार्ध सहज जोडला जाऊ शकतो, आणि जोडणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझ्या वहीतले ते शून्य मी खोडले. तिथे आता ‘वापरकर्ता : अज्ञात’ असे आहे, आणि एका नावाच्या दोन नोंदी आढळल्या की मजकूर वाचून पाहिल्याशिवाय मी त्या जोडत नाही.