शिवणीतली माया : वऱ्हाडचा कापूस आणि घरी शिवलेला जुना पोशाख

१/
फुगीर बाहीचे पोलके, बंद गळ्याचा ब्लाउज, घेरदार परकर. आजीच्या छायाचित्रातले हे कपडे घरच्या मशीनवर पुन्हा शिवण्याची हौस आज अनेकांना लागली आहे. परंतु त्या पोशाखातील ‘जुने’ म्हणजे नेमके काय? त्याचे उत्तर कापडापेक्षा शिवणीत अधिक सापडते. शोधाची सुरुवात कापसाच्या शेतापासून, वऱ्हाडातील भातकुलीपासून करू.

२/
अमरावतीच्या पश्चिमेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात भातकुली आहे. आदिनाथाच्या जैन मंदिरामुळे हे गाव यात्रेकरूंना ठाऊक आहे. शेतकऱ्याला ते ठाऊक आहे खारपाणपट्ट्यामुळे. भूजल खारे, जमीन काळी आणि भिस्त पावसावर. या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला. मात्र पिकवणाऱ्यांच्या अंगावरचे कापड याच मातीतले असेल, याची शाश्वती एकोणिसाव्या शतकात उरली नाही.

३/
रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. बडनेरा त्याच मार्गावर असल्यामुळे अमरावतीच्या बाजारातील गाठी मुंबई बंदराकडे वेगाने जाऊ लागल्या.

४/
मधल्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस अडल्याने लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे धाव घेतली आणि कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. व्यापाराची दिशा मात्र पक्की झाली होती : कापूस बाहेर आणि गिरणीचे कापड आत. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी.

५/
या उलथापालथीत घराने काय गमावले? सरकी काढणे जिनिंग कारखान्यात गेले. सूत गिरणीत गेले. विणकाम कोष्ट्याच्या मागावरून पुष्कळसे यंत्रमागावर गेले. कापडाच्या साखळीतील एकच टप्पा घराच्या उंबऱ्याआत टिकून राहिला. तो म्हणजे कापणे आणि शिवणे. म्हणून घरच्या शिवणीचा इतिहास हा उरलेल्या स्वायत्ततेचाही इतिहास आहे.

६/
मशीन येण्याआधीची चोळी पाहा. तिचे बेतणे कापडाच्या पन्ह्यावर ठरे. हातमागाचा पन्हा अरुंद असे. खण तर चोळीसाठीच विणला जाई. पाठ, बाह्या, पुढचे भाग हे सारे शक्यतो सरळ व त्रिकोणी तुकड्यांत कापायचे. काखेत हालचालीस वाव राहावा म्हणून चौबगला जोडायचा आणि पुढे गाठ मारायची. चिंधीसुद्धा वाया जाऊ नये, हे त्या भूमितीचे सूत्र होते.

७/
काटकसरीची ही रीत भाषेतही मुरली. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून उरलेली टोके जोडत. त्याला ‘दंड घालणे’ म्हणत. त्याहून जीर्ण झाले की गोधडी, दुपटे, तान्ह्या बाळाची कुंची आणि झबले. सुई, दोरा, धावदोऱ्याचा टाका एवढ्या भांडवलावर घरातील स्त्री एकाच कापडाला तीन-चार आयुष्ये देत असे.

८/
मग मशीन आले. १८४६ मध्ये एलियास हाउने अमेरिकेत पेटंट घेतले. सुईच्या टोकाजवळ छिद्र आणि खाली दुसरा दोरा नेणारे शटल, ही त्यातील युक्ती. मिनिटाला सुमारे २५० टाके घालून त्याच्या यंत्राने हातशिवणीला मागे टाकले. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये सुधारित मशीनचे पेटंट मिळवले. १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केली आणि महागडे यंत्र सामान्य घराच्या आवाक्यात येऊ लागले.

९/
भारतातही हप्त्यांची ही पद्धत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरच्या येथील कारभाराची धुरा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होती. मशीन प्रथम शिंप्याच्या दुकानात रुजले, नंतर घरात. जमिनीवर बसून काम करणाऱ्या समाजाला हाताने फिरवायचे मशीन सोयीचे पडले. हातमशीन उचलून ओसरीवर नेता येई. पायमशीनला मात्र पक्की जागा लागे.

१०/
मशीनबरोबर पोशाखाचा आकारही पालटला. गाठीच्या चोळीशेजारी बटणांचे, कधी झालर लावलेले, लांब बाह्यांचे पोलके आले. ‘पोलके’ हा शब्द युरोपातील ‘पोल्का’ या आखूड जाकिटाच्या नावावरून आल्याचे मानले जाते. खांद्यावर चुण्या घालून बाही फुगवायची तर लांबलचक टीप लागते. मशीनने ती सुकर केली. म्हणजे आज ज्याला ‘पारंपरिक’ म्हटले जाते, ते पोलके आपल्या काळी नवी फॅशन होते.

११/
या शिवणीला एक काळी किनारही होती. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला रूढीने चोळी वर्ज्य होती. अंगावर केवळ आलवण. शिवलेले वस्त्र हे अशा समाजात निव्वळ सोयीचे साधन नव्हते. कोणाला प्रतिष्ठेने जगू द्यायचे याचा तो निवाडा होता. जुन्या पोलक्याच्या मोहक छायाचित्रात ही स्त्री सहसा दिसत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१२/
त्यामुळे स्त्रियांसाठी निघालेल्या संस्थांत शिवणकामाला निराळे मोल आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे काम रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. तेथे शिवणकामाचे वर्ग चालत. एरवी घरात बिनमोल गणली जाणारी कला तिथे उपजीविकेचे साधन ठरली.

१३/
वस्त्र आणि प्रतिष्ठा यांचा संबंध दलित चळवळीने आणखी ठाशीवपणे मांडला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढच्याच महिन्यात महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे लुगडे नेसण्याचे जुने वळण आणि जड दागिने टाकण्यास सांगितले. उपस्थित स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. पेहराव बदलणे ही तेथे कृती होती, हौस नव्हे.

१४/
त्याच दशकातील दुसरी घटना. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रांवर घणाघात करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद ठरवले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी प्रेमकथा त्यांनी सांगितली. प्रत्यक्षातील सिंगर अनेक संसार थाटणारा आणि वीसहून अधिक अपत्यांचा बाप होता. कथेतला आदर्श पती तो नव्हे. पण गांधीजींचा निकष मोलाचा होता : यंत्राने माणसाचे श्रम वाचवावेत, माणसालाच निकामी करू नये.

१५/
घरोघरी शिवण वाढण्याचे एक साधे कारण मात्र नेसण्यात दडलेले आहे. नऊवारी लुगड्याला आत परकर लागत नाही. शिवलेले वस्त्र म्हणून चोळी पुरते. विसाव्या शतकात पाचवारी पातळ रूढ झाले आणि त्यासोबत परकर व ब्लाउज हे दोन शिवलेले कपडे अनिवार्य झाले. चार वार कापड वाचले, पण शिवण दुपटीने वाढली.

१६/
१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन बाजारात आणले. स्वातंत्र्यानंतर देशी मशीन मध्यमवर्गीय घरांत पसरले. लग्नात मुलीला मशीन देण्याची रीत पडली. रुखवतात तिच्या हातचे भरतकाम मांडले जाई. माहेरहून आलेल्या भांड्यांतून संसार चाले. मशीनमधून तिला चार पैसेही मिळवता येत, शेजारणींचे ब्लाउज शिवून.

१७/
पाश्चात्य देशांत एबेनेझर बटरिकने १८६३ पासून निरनिराळ्या मापांचे कागदी साचे विकायला काढले. तिथली स्त्री साचा विकत घेई. आपल्याकडे चालले ते ‘मापाचे पोलके’. नीट बसणारा जुना कपडा पुढे ठेवायचा आणि त्यावरून नवा बेतायचा. एका ब्लाउजची नक्कल दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात. अशा रीतीने एखादी गळ्याची गोलाई छापील कागदाविना पिढीतून पिढीत उतरली.

१८/
इथे ‘पन्नासच्या दशकातला’ पोशाख शिवणाऱ्यांची फसगत होते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिस्तियाँ दियोरने कितीतरी वार कापड खाणारे घेरदार स्कर्ट दाखवले. त्या वेळी भारतात मात्र १९४३ पासूनची कापड नियंत्रणाची बंधने लागू होती आणि कापडासाठी रांगा लागत. वऱ्हाडातील त्या काळची घरची शिवण टंचाईने घडवली. मोठ्या घेराइतकेच तिचे कौशल्य जोड बेमालूम लपवण्यात आहे.

१९/
जुन्या पोशाखाचा अभ्यास किती दूर नेतो, याचे मराठी उदाहरण म्हणजे १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैय्या. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाच्या पोशाखांसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जुने रूप उभे करण्याआधी ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या कापडात घातले, हे त्या पाहत.

२०/
घरी शिवणाऱ्यालाही हीच शिस्त लागू पडते. जुना कपडा उलटा करून पाहावा. टाके थोडे लहानमोठे असतील तर शिवण हाताची. दोन्ही बाजूंनी सारखी टीप असेल तर मशीनची. कडा हाताने दुमडल्या आहेत की ओव्हरलॉक केल्या आहेत? काखेत चौबगला आहे की टक्स घालून आकार दिला आहे? कापडाच्या दोन्ही काठांवरून पन्हा मोजता येतो का? यांतील प्रत्येक खूण काळाचा अंदाज देते.

२१/
काळाची गंमत नऊवारीतही दिसते. जे वस्त्र शिवणीवाचून नेसले जाई, ते आज विजारीसारखे चढवता येईल असे शिवून मिळते. त्यात गैर काही नाही. नाचताना, धावताना ते सोयीचे आहे. एवढेच की तो जुना पोशाख नव्हे, जुन्या रूपाचा नवा पोशाख आहे. हा भेद कळला की दोन्हींचा आनंद घेता येतो.

२२/
शिवणकामात जोडाच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. अंग भरले तर ती उसवून कपडा सैल करता येतो. अशी माया असलेला ब्लाउज लग्नाआधी शिवलेला असला, तरी बाळंतपणानंतरही अंगी लागतो. दुकानातील तयार कपड्यात ती बहुधा अगदी थोडी असते, कारण तिथे कापडाचा प्रत्येक इंच खर्चात धरलेला असतो.

२३/
भातकुली परिसरातला कापूस आजही गाठी बांधून दूरच्या गिरण्यांकडे जातो आणि कापड होऊन परततो. त्या लांब प्रवासाच्या शेवटी घरातल्या मशीनवर कोणी जुन्या वळणाचे पोलके बेतते, तेव्हा साखळीतील अखेरचा टप्पा पुन्हा घराच्या हाती येतो. जुन्याचे अनुकरण करताना बाहीच्या फुग्याबरोबर आतली मायाही ठेवावी. पुढे कोणाला तरी तो कपडा उसवून आपल्या मापाचा करून घ्यायचा असतो.

(समाप्त)