रैणी गावचे महिला मंडळ

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी मंडळाची इच्छा. इतिहास म्हटला की आपल्यापुढे जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी उभ्या राहतात आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला एका महिला मंडळाचीच हकीकत सांगावयाची आहे. ते मंडळ हिमालयात, अलकनंदेच्या खोऱ्यातील रैणी या लहानशा गावचे. तिकडे त्यास ‘महिला मंगल दल’ म्हणतात. त्याच्या अध्यक्षा होत्या गौरादेवी. जन्म १९२५, शिक्षण नाही, ऐन तारुण्यात आलेले वैधव्य, पदरी एक मुलगा. गावाची स्वच्छता आणि रानाची राखण, एवढेच त्या मंडळाचे काम.

रानाची राखण का, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. जुलै १९७० मध्ये अलकनंदेस भयंकर पूर आला. घरे, पूल, मोटारी वाहून गेल्या. आणि खाली मैदानात गंगेच्या कालव्यात गाळ भरला. वरच्या उतारांवरील झाडे ठेकेदारांनी तोडल्यामुळेच माती सुटली, हे पहाडातील माणसांनी ओळखले. गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट व त्यांचे सर्वोदयी सहकारी दशोली ग्राम स्वराज्य संघ चालवीत. शेतीच्या अवजारांसाठी त्यांनी अंगूची थोडी झाडे मागितली. ती नाकारून तीच झाडे अलाहाबादच्या एका खेळसाहित्याच्या कंपनीस देण्यात आली! तेव्हा एप्रिल १९७३ मध्ये लोकांनी झाडांना मिठी मारण्याचा निर्धार केला आणि तोडणाऱ्यांस रिकाम्या हाती परत पाठविले. ते गाव नेमके ‘मंडल’ नावाचे, हा एक योगायोग. ‘चिपको’ हे नाव तेथून पुढे सर्वतोमुखी झाले.

रैणीच्या रानातील सुमारे २५०० झाडांचा लिलाव १९७४ च्या आरंभी झाला. विरोध होणार हे सर्वांस ठाऊक होते. मग २६ मार्चला काय झाले पाहा. १९६२ च्या युद्धानंतर लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई देतो, असे सांगून गावातील पुरुषांस चमोलीला बोलावले गेले. कार्यकर्त्यांना गोपेश्वरी अडकवून ठेवले गेले. इकडे मजूर रानाच्या वाटेला लागले. एका मुलीने त्यांना पाहिले व ती धावत गौरादेवींकडे आली.

हाताशी होत्या त्या सुमारे २७ बायका व मुली. चुलीवरचे काम तसेच टाकून त्या निघाल्या. मजूर रानात स्वयंपाक करीत होते. गौरादेवींनी त्यांना जेवून घ्या आणि परत जा, असे सांगितले. पोटासाठी आलेल्या माणसांशी त्यांचे वैर नव्हते, हे मला फार मोलाचे वाटते. एकाने बंदूक रोखली, तेव्हा त्या स्वतः पुढे झाल्या. हे रान आमचे माहेर आहे, ही त्यांची भूमिका. माहेर या शब्दाचा अर्थ आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मजूर मागे फिरले. बायकांनी वाटेवरील कडेलोटाच्या जागेचा सिमेंटचा पूलही मोडून टाकला व रात्रभर पहारा दिला. चित्रांत झाडांना मिठ्या दाखवितात. पण रैणीत खरे काम केले ते वाट अडवून उभे राहण्याने.

सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर सुमारे १२०० चौरस किलोमीटर मुलुखात १० वर्षे तोड थांबली. पुढे १९८० मध्ये उत्तर प्रदेशाच्या त्या वेळच्या पहाडी भागात हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीस १५ वर्षे बंदी आली.

मात्र मला विचाराल, तर रैणीपेक्षाही अवघड प्रसंग डुंगरी-पैंतोली येथला. १९८० मध्ये तेथील बांज वृक्षांचे रान बटाट्याच्या शेतीसाठी देण्यास गावचे पुरुष तयार झाले. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार होता. या गोष्टी काय वाईट? पण सरपण आणि वैरण कितीतरी दूरवरून आणावी लागणार होती, आणि ती कोणाच्या पाठीवरून, हे पुरुषांनी विचारात घेतले नव्हते. बायका ठाम उभ्या राहिल्या. ठेकेदारास अडविणे एक वेळ सोपे. घरच्या माणसांना ‘नाही’ म्हणणे फार कठीण! त्यांनी नुसते रान राखले नाही. गावच्या पंचायतीत आमचेही मत घ्या, अशी मागणी केली.

चंडीप्रसादजींना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, सुंदरलाल बहुगुणांची कीर्ती जगभर झाली. त्यांचे कार्य मोठेच. परंतु गौरादेवी त्यानंतरही रैणीतच आपल्या घरी, शेतीच्या व गुराढोरांच्या कामात राहिल्या आणि १९९१ मध्ये निवर्तल्या.

रैणीजवळ ऋषिगंगेवर वीजप्रकल्प झाला. तेथील सुरुंगांविरुद्ध गावकरी २०१९ मध्ये नैनितालच्या उच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी वरून हिमखंड व खडक कोसळून आलेल्या लोंढ्यात तो प्रकल्प वाहून गेला. खालच्या खोऱ्यासह २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. गावाच्या पायथ्याची जमीन खचू लागली. ज्यांनी एका रात्रीत रान राखले, त्यांच्या लेकीसुना रैणीतून दुसरीकडे जागा मिळावी म्हणून सरकारदारी अर्ज करू लागल्या.