गोड्या पाण्यातील मासा आणि रक्तातील मीठ

गोड्या पाण्यातील मासा सुखात असतो अशी आपली समजूत आहे. वस्तुतः त्याची सारी हयात झगडण्यात जाते. त्याच्या रक्तातील सोडियम नदीच्या पाण्याच्या शंभराहून अधिक पट असते. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून पाणी अखंड आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. मूत्रपिंडे पाणी उपसून टाकतात खरी; पण गेलेल्या मिठाची भरपाई कोठून होते? डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी १९३७ मध्ये याचे उत्तर दिले. क्षारहीन पाण्यात ठेवल्याने मिठाला मुकलेला गोल्डफिश अतिशय विरळ खारट पाण्यातूनही कल्ल्यांवाटे क्लोराइड आत ओढून घेतो, असे त्यांनी दाखविले.

या कामावर देखरेख कोणाची? कचेरीत एखादा कारकून नेमके काय करतो, हे तो रजेवर गेल्यावर समजते. शरीरक्रियाशास्त्रज्ञांची रीतही निराळी नाही. ग्रंथी काढावी आणि काय अडते ते पाहावे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खाड्यांत किलीफिश नावाचा बोटाएवढा मासा असतो. खारे आणि गोडे, दोन्ही पाणी त्याला मानवते. मेंदूच्या तळाशी असलेली त्याची पोष ग्रंथी काढली, तर तो समुद्राच्या पाण्यात जगतो; गोड्या पाण्यात मात्र थोड्याच दिवसांत मरतो.

या ग्रंथीतून अनेक अंतःस्राव निघतात. त्यांतला माशाला तारणारा कोणता, हे येल विद्यापीठातील ग्रेस पिकफर्ड यांनी जॉन फिलिप्स यांच्यासह १९५९ मध्ये दाखविले. तो निघाला प्रोलॅक्टिन! सस्तन प्राण्यांत दूध उत्पन्न करणारा, कबुतराच्या अन्नपिशवीत पिलांसाठी दुधासारखा रस आणणारा, तोच हा स्राव. दुधाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, त्या माशाचे प्राण त्याने राखले. पुढील संशोधनात कारणही उलगडले. प्रोलॅक्टिनमुळे कल्ल्यांतून होणारी सोडियमची गळती आवरते. म्हणजे मीठ मिळविण्यापेक्षा असलेले मीठ राखण्याचे काम तो करतो.

आपल्या देशात पोष ग्रंथीची कीर्ती झाली ती दुसऱ्याच कारणाने. १९५७ मध्ये कटक येथे हिरालाल चौधरी यांनी तिच्या अर्काची सुई टोचून रोहू, मृगळ अशा माशांकडून तळ्यात अंडी घालवून घेतली. मत्स्यशेतीच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची. पण तिच्या गाजावाजात या ग्रंथीचे रक्त राखण्याचे काम आपल्याकडे दुर्लक्षित राहिले, असे मला वाटते.

किलीफिशवरून सर्व माशांविषयी निर्णय करणे मात्र योग्य नाही. गोल्डफिश आणि ईल हे मासे पोष ग्रंथी गेली तरी गोड्या पाण्यात तग धरतात. शिवाय, मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात दडलेल्या पेशींतून निघणारा कॉर्टिसॉल हा स्राव मीठ आत घेण्याच्या कामी हातभार लावतो. आरंभीचे बहुतेक प्रयोग सस्तन प्राण्यांच्या प्रोलॅक्टिनवरच झाले होते. माशाचे स्वतःचे प्रोलॅक्टिन शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९७७ मध्ये, तिलापिया या माशापासून.