मावशी, अक्कलकोट आणि स्कुल्टान्सबाई

गेल्या शनिवारी बऱ्याच वर्षांनी अक्कलकोटला गेलो होतो. वटवृक्ष मंदिरात एक बाई दिसल्या, शेजारी विशीतला मुलगा, स्वतःशीच बोलणारा. एकदम मावशी आठवली. मावसभावाचं 'डोकं फिरलं' (शब्द लोकांचा, माझा नव्हे) तेव्हा ती त्याला घेऊन दोन महिने इथे राहिली होती. उपास, प्रदक्षिणा सगळं तिचं. तो नुसता बसून. मी तेव्हा नवा नवा इंजिनियर, जाम भडकलो होतो. अंधश्रद्धा, दुसरं काय!

पुढे विएडा स्कुल्टान्स यांच्या संशोधनाबद्दल वाचलं आणि जरा गप्प झालो. या बाई १९४४ साली लाटव्हियातल्या रीगा शहरात जन्मल्या, वाढल्या इंग्लंडमध्ये. शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ, पण ब्रिस्टल विद्यापीठात शिकवलं ते मानसिक आरोग्य विभागात. पहिलं पुस्तक (१९७४) वेल्समधल्या, मृतात्म्यांशी बोलणाऱ्या मंडळांवर. नंतर त्या महाराष्ट्रात आल्या आणि मनोरुग्णांना घेऊन एका महानुभाव मंदिरात राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो लेख 'मॅन' या नियतकालिकात १९८७ साली आला.

त्यांना दिसलं ते असं: अंगात यायचं ते बरेचदा रुग्णाच्या नाही, तर त्याला घेऊन आलेल्या बाईच्या! घरच्यांचं, विशेषतः पुरुषांचं, भलं व्हावं म्हणून बाई हा त्रास स्वतः ओढवून घेते, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणजे पेशंट एक, झिजते दुसरीच.

मग देवळात बरं वाटतं की नाही? बंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या एका देवळात ३१ रुग्ण तपासले (२००२). औषध नाही, खास विधीही नाही. साधी कामं आणि सोबत घरचं माणूस. तरी लक्षणं जवळजवळ २० टक्क्यांनी कमी झाली. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे लगेच नारळ फोडू नका. शिवाय त्याच राज्यात एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळ्यांना साफ बंदी केली, ते बरंच झालं.

आमचा भाऊ शेवटी गोळ्यांनीच सावरला, आता दुकान सांभाळतो. पण त्याच्या केसपेपरवर आई म्हणून फक्त एक सही होती. तिला झोप लागते का, जेवते का, हे देवळात नाही, दवाखान्यात नाही आणि घरात मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

परतताना अक्कलकोट रोड स्टेशनवरून फोन केला. "मावशी, तेव्हा तू कशी होतीस गं?"

"मी? मला काय धाड भरलीय!" असं म्हणाली खरी, पण मग पाऊण तास बोलत होती. माझी गाडी चुकली.

असो. पुढची दोन तासांनी होती.