तोफेवाचून सागरसेवा

ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही आपल्या संस्थानाचे एका जहाजाशी जुने नाते आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, महाराज माधवराव शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेतले. ‘लॉयल्टी’ या नव्या नावाने ते जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय बनले. पुढे ते सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी त्याने मुंबईहून विलायतेकडे प्रस्थान ठेवले, त्याच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. तोफ न डागताही जहाज युद्धकाळात मोलाची सेवा करते, हे ‘लॉयल्टी’ने दाखविले. स्वतंत्र भारतात हीच गोष्ट निराळ्या रीतीने सिद्ध केली ती ‘आयएनएस सागरध्वनी’ने.

पाण्याखाली दृष्टी फार दूर पोहोचत नाही. ध्वनी मात्र तेथे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने, धावतो. म्हणून पाणबुडीचा शोध सोनार यंत्राच्या श्रवणशक्तीवर अवलंबून असतो. परंतु हा ध्वनी नेहमी सरळ रेषेत जात नाही. उन्हाने वरचे पाणी तापले की तो खालच्या थंड पाण्याकडे वळतो आणि दूरची पाणबुडी जणू सावलीत दडते. सकाळी अचूक ठरलेले यंत्र दुपारी फसते, ते यामुळे.

समुद्रात आधी कोणाला ऐकू येते, याची किंमत आपण मोजलेली आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या शोधात निघालेली ‘खुकरी’ त्याच पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली.

समुद्राच्या अभ्यासाला नौदलाने त्यापूर्वीच हात घातला होता. १९६२ ते १९६५ या काळात ‘किस्ना’ ही युद्धनौका आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सहभागी झाली होती. पण केवळ संशोधनासाठी बांधलेले जहाज आले ते पुढे. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत तयार झालेले, सुमारे ८५ मीटर लांबीचे ‘सागरध्वनी’ ३० जुलै १९९४ रोजी नौदलात दाखल झाले. जहाज चालवायचे नौसैनिकांनी आणि प्रयोग करायचे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी, अशी ही जोडी. पाण्याचे तापमान व क्षारता मोजायची, तळाचे स्वरूप तपासायचे आणि ध्वनी कोठे वळतो, कोठे विरतो याची नोंद ठेवायची, हे त्यांचे काम. २०१९ साली ‘सागर मैत्री’ मोहिमेत हे जहाज ‘किस्ना’च्याच जुन्या मार्गांवरून गेले.

अशा नोंदींचे पोवाडे होत नाहीत. पण खोल पाण्यातला शत्रू वेळीच ओळखायचा तर त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’चे स्मरण करताना आपण ग्वाल्हेरकरांनी या दुसऱ्या शांत जहाजाचीही आठवण ठेवावी.