फियाटची पहिली वीस मिनिटं

अंगठा प्लगच्या भोकावर घट्ट दाबून धरा. रेडिएटरच्या बाजूचं भोक, एक नंबरच्या सिलिंडरचं. चारही प्लग काढून फेंडरवर टाकलेल्या जुन्या चादरीवर ओळीने मांडून ठेवलेत, त्यांची जागा बदलू नका.

"ढकल," मेकॅनिक उस्ताद मागे न बघताच म्हणतात. काकांचा कॉलेजातला मुलगा डिकीला दोन्ही हात लावून गाडी वीतभर पुढे सरकवतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे. चाकं फिरली की क्रँक फिरतो, आणि प्लग नसल्यामुळे तो जड जात नाही. आधी तुमच्या अंगठ्याला काहीच कळत नाही. आणखी थोडी ढकलल्यावर अंगठा किंचित आत ओढला जातो. मग हवा खालून अशी काही रेटते, की अंगठा कडेने उचलला जातो आणि फुस्स आवाज होतो.

"हा आला कॉम्प्रेशनवर. बस, बस. हँडब्रेक ओढ."

हा १९८७ सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेत. तुम्ही विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या बंगलीच्या आवारात उभे आहात. गेल्याच महिन्यात, २५ जानेवारीला, दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालंय. त्यामुळे रस्त्यावर माणूस नाही आणि प्रत्येक खिडकीतून एकच संवाद ऐकू येतोय. उस्तादांनी हीच वेळ मुद्दाम निवडलीय. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना भोवती बघे नकोत, असं त्यांचं मत आहे. माझंही तेच मत आहे.

समोरची गाडी काकांची, १९६६ सालची फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. १९७४ पासून हीच गाडी 'पद्मिनी' नावाने विकली जाते. इंजिन तेच आहे: १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. काकांना चर्चगेटचं ऑफिस सांभाळून, फक्त सुट्टीच्या दिवशी, घराच्या आवारात फुल इंजिन काढायची हिंमत झाली ती यामुळेच. मुंबईच्या टॅक्सीला हेच इंजिन आहे. टॅक्सी स्टँडजवळच्या कुठल्याही गॅरेजात ते डोळे मिटून खोलणारा माणूस भेटतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल, गॅस्केट, जे लागेल ते कुर्ल्याला मिळतं. नातेवाईक काकांना मारुती घ्या म्हणून सांगताहेत. पण एखादं यंत्र घरी जिवंत करायचं तर नुसती हौस पुरत नाही. ते यंत्र ज्यांच्या हातात बसलंय अशी माणसं हाकेच्या अंतरावर लागतात. आज पार्ल्यात ती आहेत. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला माहीत आहे की ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही जाईल. ते इथे कुणाला सांगू नका.

रॉकेलचा वास अजून आवारात आहे. रेशनचं रॉकेल वाचवून काकूंनी डबा भरून दिला, त्यात एकेक पार्ट धुतला गेला. ब्लॉक कुर्ल्याला बोअर करून आणला, क्रँक ग्राइंड केला. रिंगा घालताना त्यांची तोंडं एकाखाली एक येऊ दिली नाहीत, नाहीतर गॅसला खाली जायला सरळ वाट मिळते. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळले. ॲल्युमिनियमचं हेड एका बाजूने आवळलं की वाकतं.

मग आज सकाळी बिघडलं काय? प्लग काढून सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत मारला. म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. प्लग लावले, कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल सोडलं आणि काकांनी पुन्हा सेल्फ मारला. तेव्हा सोलेक्स कार्बोरेटरच्या तोंडातून फट्‌कन वीतभर ज्वाळा आली. काकांच्या मुलाने ओलं गोणपाट टाकलं. अशा वेळी माणूस पुन्हापुन्हा सेल्फ मारत सुटतो, बॅटरी उतरवतो, नव्या सिलिंडरवरचं तेल पेट्रोलने धुऊन टाकतो. उस्तादांनी लगेच बॅटरीची केबल काढली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे.

आता त्यांनी वरचं टॅपेट कव्हर काढलंय. वाकून बघा. पुलीवरची खूण आणि टायमिंग कव्हरवरची खूण समोरासमोर आलीय. पण ती कॉम्प्रेशनला येते तशी एक्झॉस्टलाही येते, कारण एका पूर्ण चक्रात क्रँक दोनदा फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर एकदाच. खूण जुळली म्हणून टायमिंग जुळलं असं होत नाही. चार नंबरच्या दोन रॉकरांकडे नजर ठेवा. उस्ताद मुलाला हँडब्रेक सोडून गाडी बोटभर मागेपुढे करायला सांगतात. एक व्हॉल्व्ह मिटता मिटता दुसरा उघडायला लागतो, दोन्ही रॉकर झुलतात. चार नंबर झुलतोय म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. अंगठ्याने सांगितलं तेच डोळ्यांनी पाहून घेतलं.

मग ते डिस्ट्रिब्युटरची कॅप उचलतात. रोटरचं तोंड चार नंबरच्या वायरकडे आहे.

"बघा साहेब. करंट चुकीच्या फेरीला पडत होता. इनलेट उघडायच्या वेळी ठिणगी, मग आग वर येणारच."

"म्हणजे डिस्ट्रिब्युटर परत काढायचा?" काकांचा चेहरा उतरतो.

"कशाला? वायरी बदलू."

या इंजिनाचा क्रम १-३-४-२. कॅपवर एकच्या समोर चार असतो आणि तीनच्या समोर दोन. एक आणि चार आपसांत बदलल्या, तीन आणि दोन आपसांत बदलल्या, की झालं. उस्ताद प्रत्येक वायर पार प्लगपर्यंत बोटाने चाचपून मगच कॅपमध्ये दाबतात.

मग बॅटरीची केबल परत जोडून ते टेस्ट लॅम्प तुमच्या हातात देतात. एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. काका किल्ली फिरवतात. सी.बी. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब बंद राहतो. उस्ताद डिस्ट्रिब्युटर केसाएवढा फिरवतात, पॉइंट उघडतात आणि बल्ब पेटतो. त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडणार आहे. बल्ब पेटला तिथेच ते क्लॅम्प आवळतात.

कव्हर बसलं, प्लग बसले, गाडी न्यूट्रलला आली. कार्बोरेटरमध्ये पुन्हा थोडं पेट्रोल. तुमच्या बोटांना लागलंय ते पुसून घ्या, काही खाण्याआधी साबणाने हात धुवा. या पेट्रोलमध्ये शिसं आहे आणि बिनशिशाचं मुंबईत यायला १९९५ साल उजाडायचंय.

"चोक ओढा. मारा सेल्फ."

सेल्फ दोन-तीन वेळा घरघरतो. एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, आणि एकदम चारही. आवाज आवारभर भरून जातो. मागून निळा धूर निघतो. तो जोडणी करताना सिलिंडरला लावलेल्या तेलाचा आहे, घाबरू नका. काकांचे डोळे भरलेत आणि त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठू पाहतोय.

"पाय काढू नका साहेब! आयडलला सोडायची नाही!"

माझ्या मते या सगळ्या कामातलं खरं कौशल्य इथून पुढे आहे. सुरू झालेल्या इंजिनाचं सगळ्यांनाच कौतुक असतं, पण ते टिकणार की नाही हे आत्ता ठरतंय. नवा कॅमशाफ्ट आणि त्यावर घासणारे टॅपेट अजून एकमेकांना रुळलेले नाहीत. कॅमवर तेल पोचतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. इंजिन संथ फिरलं तर तेल कमी उडतं आणि कॅमचं नाक खाल्लं जातं. म्हणून वीसेक मिनिटं इंजिन आयडलपेक्षा बरंच वर, थोडं कमी-जास्त करत ठेवायचं. रेसही द्यायची नाही. या वेळात कुणी चहाला जायचं नाही, कुणी पाठीवर थाप मारायची नाही.

उस्ताद तुम्हाला काम देतात. ऑइलच्या दिव्यावर लक्ष ठेवा, पेटला तर ओरडा, काका लगेच किल्ली बंद करतील. मुलगा पाण्याचं टेंपरेचर बघतोय. उस्ताद स्वतः गाडीखाली आडवे होऊन पॅनच्या गॅस्केटवर बोट फिरवतात आणि बोट बघतात. कोरडं आहे. वरच्या रबरी पाइपच्या क्लिपशी पाण्याचा थेंब धरलाय, ती ते अर्धा आटा आवळतात. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप एकदम गरम होतो. ते कळल्यावर त्यांची मान हलते. धूर विरळ झालाय. टॅपेटचा टकटक आवाज आधी होता तेवढा राहिलेला नाही.

वीस मिनिटांनी चोक पूर्ण आत जातो, आयडलचा स्क्रू फिरतो आणि इंजिन एकसारखं फिरायला लागतं. मिसिंग नाही. मग किल्ली बंद.

काका लगेच म्हणतात, "एक चक्कर मारू? हायवेपर्यंत?"

"आज नाही. रात्रभर थंड होऊ दे. उद्या सकाळी येतो, थंड इंजिनावर हेडचे नट परत चेक करतो, टॅपेट बघतो. मग न्या." उस्ताद कॉटन वेस्टने हात पुसत मुलाकडे वळतात. "पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'रनिंग इन' लिही आणि मागच्या काचेला लाव. पन्नासच्या वर न्यायची नाही. पण एकाच स्पीडला धरूनही बसू नका, कमी-जास्त होऊ दे, रिंगा त्यानेच बसतात. टॉपला ओढत चढ चढवायचा नाही. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलू."

"आणि खंडाळ्याचा घाट?"

"हजार होऊ दे."

काका मनातल्या मनात पार्ले ते चर्चगेट जाण्या-येण्याचा हिशेब करायला लागलेत.