टपालाने चाल, इंटरनेटवर चाल

दूरच्या क्लबांचे बुद्धिबळ सामने जुनेच. १८२४ मध्ये लंडन आणि एडिंबरा क्लब टपालाने खेळू लागले. १८२८ मध्ये एडिंबरा जिंकले. १९४५ मध्ये अमेरिका-सोव्हिएत संघ सामना रेडिओवरून झाला.

२०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचे इंटरनेट तुटले, घड्याळावरची वेळ संपली. भारताने दाद मागितली. अखेर भारत-रशिया संयुक्त विजेते ठरले.

पत्राला उशीर झाला तरी डाव थांबून राही. आता घड्याळ थांबत नाही. भवानीनगरात राहिलेले आणि परदेशी गेलेले आपण सामना ठरवू, तेव्हा ‘लाइन गेली तर काय?’ हा नियम पहिल्या चालीआधीच लिहून ठेवू या.